मदत हवी आहे: मधुमेह असलेल्या सासऱ्यांना रोज अंडं द्यावं का? बलक काढायचाच का?

शमिका_व

नमस्कार मंडळी. घरात रोज सकाळी एकाच गोष्टीवरून वाद होतोय, म्हणून इथल्या जाणत्यांना विचारते.

माझे सासरे ६८ वर्षांचे, वजन ६० किलोच्या आसपास. मधुमेह जुना आहे, पण गोळ्यांवर साखर ताब्यात आहे, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१. कोलेस्टेरॉलसाठी रात्री स्टॅटिनची गोळी चालू आहे. हृदयाचा त्रास नाही. पण गेल्या वर्षभरात ते फार उतरलेत. दंडाची कातडी लोंबायला लागलीय, देवघरात खाली बसले की उठताना हात टेकल्याशिवाय उठवत नाही. त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, "प्रथिनं वाढवा, रोज अंडं खा." एवढंच, आणि पुढचा पेशंट आत आला.

आता नवरा म्हणतो, बलकात सगळं कोलेस्टेरॉल, बाबांना फक्त पांढरं द्यायचं. सासूबाई स्वतः अंडं खात नाहीत (माझ्यासाठी वेगळं पातेलं काढून दिलंय त्यांनी), पण अन्न टाकलेलं त्यांना बघवत नाही. मग तो बलक येतो माझ्या नऊ वर्षांच्या लेकीच्या ताटात. कोरडा, कडेने हिरवट झालेला. ती बिचारी पाण्याच्या घोटाबरोबर गिळते.

बाबांना रोज पूर्ण अंडं चालेल का? लेकीला रोज द्यावं का? आणि अंडी उष्ण पडतात म्हणतात, उन्हाळ्यात काय करायचं? गावरान अंडी इथे जवळजवळ दुप्पट भावाने मिळतात, ती घेण्यात अर्थ आहे का? मनापासून मदत हवी आहे.

घाटवाट

बिनधास्त द्या. आमच्या घरात तीन पिढ्या रोज खातात. "संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे" ऐकतच मोठे झालो आपण. वडील तर पैलवानकीच्या दिवसांत कच्ची अंडी दुधात फोडून प्यायचे.

पोषणवाट

शमिकाताई, मी आहारतज्ज्ञ आहे. जरा सविस्तर लिहिते.

घाटवाट, ती जाहिरात अंडी उत्पादकांच्या संस्थेची, म्हणजे एनईसीसीची. मला ती आवडते, पण मधुमेही माणसाचा आहार तिच्यावरून ठरवता येत नाही. आणि कच्ची अंडी कृपया कोणी कोणाला सुचवू नका. साल्मोनेला या जंतूचा धोका आहे, तो वयस्कर आणि मधुमेही माणसाला जास्त भोवतो. शिवाय शिजवलेल्या अंड्यातली ९० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं अंगी लागतात, कच्च्यातली जेमतेम निम्मी.

आता बलकाबद्दल. एका मध्यम अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, ७०-७५ कॅलरी, ५ ग्रॅम स्निग्ध पदार्थ (त्यात संपृक्त चरबी, म्हणजे तूप-लोण्यात असते तशी, दीडेक ग्रॅम) आणि २०० मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असतं. कोलेस्टेरॉल सगळं बलकात, हे तुमचे मिस्टर बरोबर सांगतात. पण ड आणि अ जीवनसत्त्व, कोलीन, डोळ्यांना उपयोगी ल्युटिन हेही बलकातच असतं आणि बी१२ चाही बहुतेक वाटा तिथेच. ६ ग्रॅम प्रथिनांपैकी अडीचेक ग्रॅमसुद्धा बलकातली. प्रथिनांसाठी अंडं द्यायचं आणि त्यातलाच एवढा भाग काढून टाकायचा, हे मला पटत नाही.

बलकाची भीती आली कुठून? १९६८ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं, दिवसाला ३०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कोलेस्टेरॉल नको आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक नकोत. तेच जगभर पसरलं. पुढे लक्षात आलं की शरीरातलं बहुतेक कोलेस्टेरॉल यकृत स्वतःच बनवतं, आणि रक्तातलं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवण्यात खाण्यातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त चरबीचा हात मोठा आहे. २०१५ च्या अमेरिकन आहार मार्गदर्शिकेतून ती ३०० ची मर्यादा गेली.

म्हणून कितीही खावीत असं मात्र नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ३०,००० लोकांच्या अभ्यासात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयविकार थोडा जास्त दिसला. २०२० मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या मोठ्या अभ्यासात दिवसाला एका अंड्यापर्यंत धोका वाढलेला दिसला नाही. २०१८ मध्ये चीनमधल्या पाच लाख लोकांच्या पाहणीत रोज अंडं खाणाऱ्यांत पक्षाघाताचं प्रमाण उलट कमीच होतं. हे सगळे निरीक्षणाचे अभ्यास. अंड्यासोबत माणूस आणखी काय खातो, त्यावर बरंच फिरतं.

मधुमेहींचं चित्र जास्त गढूळ आहे. काही अमेरिकन पाहण्यांत रोज अंडं खाणाऱ्या मधुमेहींना हृदयविकार जास्त दिसला. पण सिडनी विद्यापीठाच्या एका चाचणीत मधुमेह किंवा त्याच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांपैकी निम्म्यांना तीन महिने आठवड्याला १२ अंडी दिली. त्यांचं कोलेस्टेरॉल बिघडलं नाही. मात्र त्यांना लोण्याऐवजी चांगली तेलं वापरायलाही सांगितलं होतं, हे विसरू नका.

म्हणून आधी मला सांगा, बाबा दिवसभरात आणखी काय खातात? आणि क्रिएटिनिन व लघवीतलं अल्ब्युमिन कधी तपासलंय? मूत्रपिंडावर परिणाम झालेला असेल तर प्रथिनं आपल्या मनाने वाढवायची नाहीत.

कृष्णाकाठ

ताई, आमचा मिरजेजवळ छोटा पोल्ट्री फार्म आहे, त्यामुळे भावाबद्दल सांगतो. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवर असतो. तपकिरी अंडं म्हणजे गावरान, हा मोठा गैरसमज आहे. बलकाचा केशरी रंग खाद्यावर असतो, मका जास्त घातला की रंग चढतो. प्रथिनांत सांगण्यासारखा फरक नाही. चव वेगळी लागते, ती आवडत असेल तर घ्या. तब्येतीसाठी म्हणून दुप्पट पैसे मोजू नका, त्यात डाळ येईल.

अंडं ताजं असेल तर पाण्यात आडवं तळाला बसतं, शिळं उभं राहतं, फारच जुनं तरंगतं. उन्हाळ्यात थोडी थोडी आणा आणि फ्रीजमध्ये ठेवा. आणल्या आणल्या धुऊन ठेवू नका, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. उकडायच्या आधी धुवा.

शमिका_व

पोषणवाटताई, एवढं कोणी समजावून सांगितलंच नव्हतं. क्रिएटिनिन मार्चमध्ये नॉर्मल आलं होतं, लघवीतलं अल्ब्युमिनही. खाणं असं: सकाळी चहाबरोबर चार खाऱ्या, दहाला पोहे किंवा उपमा, दुपारी पोळी-भाजी आणि पातळ वरण, चारला पुन्हा चहा-खारी, रात्री भात-आमटी. दुधाची साय त्यांना वाटीत काढून लागते. आठवड्यातून एकदा बटरमधली भुर्जी.

पोषणवाट

बघा, घरात बलक मोजला जातोय आणि खारी कोणी मोजत नाही! बेकरीची खारी वनस्पती तुपात किंवा मार्जरीनमध्ये होते. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या हानिकारक चरबीवर) जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे हे खरं, पण संपृक्त चरबी आणि मैदा तसाच राहतो. साखरेलाही तो बरा नाही आणि एलडीएललाही नाही. साय आणि बटर यांचंही तेच.

मी तुमच्या जागी असते तर सकाळची खारी बंद करून तिथे एक पूर्ण उकडलेलं अंडं आणि वर एक पांढरं दिलं असतं. भुर्जी करायचीच तर चमचाभर शेंगदाणा तेलात, भरपूर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर घालून.

पण एका अंड्याने दंड भरणार नाहीत, हे त्यांना स्पष्ट सांगा. या वयात वजनाच्या प्रत्येक किलोमागे निदान १ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे बाबांना रोज ६० ग्रॅम. अंड्यातून आली सहा. वरण घट्ट करा, दुपारी वाटीभर दही द्या, संध्याकाळच्या खारीच्या जागी मोड आलेल्या मुगाची उसळ किंवा फुटाणे. आणि रोज खुर्चीतून हात न टेकता उठ-बस करायला लावा. नुसती प्रथिनं खाऊन स्नायू येत नाहीत, त्यांना काम द्यावं लागतं.

लेकीला बलक आणि पांढरं दोन्ही द्या, एक अख्खं अंडं, तिचं स्वतःचं. कडेचा हिरवट रंग जास्त उकडल्याचा आहे, अपायकारक नाही. पाणी उकळल्यावर अंडी सोडून दहा-अकरा मिनिटांत काढा आणि लगेच गार पाण्यात टाका. बलक पिवळाधमक राहील आणि घशाशी अडकणार नाही.

उष्णतेचं म्हणाल तर अंड्याने अंगाचा ताप वाढत नाही. कोणाला जड वाटत असेल तर त्या दिवशी देऊ नका, एवढंच.

अण्णा_६२

माझी बायपास झाली आहे. माझ्या डॉक्टरांनी आठवड्याला तीनच बलक सांगितलेत, पांढरं हवं तितकं. मी पाळतो. ज्यांना आधी हृदयविकार होऊन गेलाय किंवा घराण्यात लहान वयात झटके आलेत, त्यांनी इथलं वाचून रोज सुरू करू नये, ही हात जोडून विनंती.

पोषणवाट

अण्णा, अगदी खरं. काहींच्या रक्तात खाण्यातलं कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा जास्त चढतं, आणि ते तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणूनच शमिकाताई, सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर अडीच-तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करा. दोन्ही वेळा उपाशीपोटी, त्याच लॅबमध्ये. मध्ये स्टॅटिनचा डोस बदलला गेला तर तुलनेला अर्थ राहणार नाही. एलडीएल वाढलेलं दिसलं तर बलक आठवड्याला तीन-चारवर आणा.

शमिका_व

उद्याच रक्त द्यायला नेते. नवऱ्याला हा धागा वाचायला दिलाय, "आकडा बघून ठरवू" म्हणालाय. अजून एक विचारायचं राहिलं: श्रावणात आमच्याकडे महिनाभर अंडं शिजत नाही, सासूबाईंचं मन मोडायचं नाही. तेव्हा काय द्यायचं?

पोषणवाट

मन मोडायची गरजच नाही. ५० ग्रॅम पनीरमध्ये ९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, गाईच्या दुधाचं घरी केलंत तर चरबीही कमी. सोयाबीनच्या वड्या सुक्या २५ ग्रॅम घेतल्या तर १२-१३ ग्रॅम. मुगाचं धिरडं आणि दही हा नाश्ताही उत्तम. बी१२ मात्र डाळीतून मिळत नाही आणि बाबा मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) घेत असतील तर बी१२ आणखी कमी होतं. उद्या रक्त देतच आहात, तर बी१२ सुद्धा बघून घ्या.