जर्मन शिकताना द्वैभाषिक शब्दकोश नेमका कसा वापरावा?

प्रश्न – कोथरूडची विद्यार्थिनी

नमस्कार. मी नोकरी सांभाळून शनिवार-रविवारच्या वर्गात जर्मन शिकते आहे आणि सध्या ए-टू पातळी, म्हणजे सुरुवातीच्या दोन पातळ्यांपैकी दुसरी, चालू आहे. वर्गातले पाठ समजतात, परंतु बाहेरचा मजकूर, विशेषतः आमच्या चाकणच्या कारखान्यात यंत्रांबरोबर येणारी सूचनापत्रके हाती घेतली की ओळीओळीला कोश उघडावा लागतो आणि सगळे अर्थ समासात लिहून झाल्यावरही वाक्य काय सांगते ते कळतेच असे नाही. उदाहरणार्थ, ‘शाल्टन झी डी माशीनं फोर डेर राइनिगुंग आउस’ या वाक्यात मला ‘शाल्टन’ म्हणजे गिअर बदलणे आणि ‘आउस’ म्हणजे ‘-मधून’ असे अर्थ मिळाले आणि तिथेच गाडी अडली. आमच्या शिक्षिका जर्मन-जर्मन कोशच वापरा असे सांगतात, तर वर्गातील काही जणांच्या मते भाषांतराचे ॲप असताना कोश हवाच कशाला. माझ्याकडे अप्पा बळवंत चौकातून घेतलेला जर्मन-इंग्रजी आणि इंग्रजी-जर्मन असा जोडकोश आहे. माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे, हेही सांगून ठेवते. या कोशाचा नीट उपयोग करून घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी?

उत्तर – जुना जर्मन शिक्षक

तुम्ही दिलेले वाक्य फार चांगले आहे, कारण कोश कुठे उघडायचा हे आधी ठरवावे लागते, ही गोष्ट त्यातून लख्ख दिसते. जर्मनमध्ये काही क्रियापदांचा उपसर्ग सुटून वाक्याच्या अगदी शेवटी जाऊन बसतो. म्हणून क्रियापद शोधण्यापूर्वी वाक्याच्या टोकाशी एखादे एकटे ‘आउस’, ‘आइन’, ‘आन’ किंवा ‘आब’ बसले आहे का ते पाहावे आणि असल्यास ते पुढे जोडून कोशात शोधावे. इथे शोधायचा शब्द ‘शाल्टन’ नसून ‘आउसशाल्टन’ आहे, म्हणजे बंद करणे. तेच शेवटी ‘आइन’ असते तर अर्थ चालू करणे असा झाला असता. साफसफाईपूर्वी यंत्र बंद करायचे की चालू करायचे हे ज्या शब्दावर अवलंबून आहे तो वाक्यात सर्वांत शेवटी येतो, हे कारखान्यात काम करणाऱ्याने तर कधीच विसरू नये.

आता ‘डेर राइनिगुंग’ पाहा. नामाआधीचे ‘डेर’ हे उपपद दिसले की नवशिका ते नाम पुल्लिंगी समजतो. कोशातील नोंद मात्र त्यापुढे स्त्रीलिंगाची खूण दाखवते. मग हे ‘डेर’ कुठून आले? ‘फोर’ या शब्दयोगी अव्ययामुळे नाम इथे चतुर्थीत गेले आहे आणि स्त्रीलिंगी ‘डी’चे चतुर्थीत ‘डेर’ होते. म्हणजे अर्थ कळला तरी नोंदीतील लिंग वाचल्याशिवाय वाक्याची बांधणी उलगडत नाही. लिंगाची खूण किती महत्त्वाची आहे यासाठी ‘झे’ हा शब्द पाहावा: ‘डेर झे’ म्हणजे सरोवर आणि ‘डी झे’ म्हणजे समुद्र. अनेकवचनाचेही तसेच. ‘बांक’चे अनेकवचन ‘बेंकं’ असेल तर ती बसायची बाके असतात आणि ‘बांकन’ असेल तर पैशांच्या बँका असतात. कोशात ही माहिती अर्थाच्याही आधी, बारीक टाइपात दिलेली असते आणि बहुतेक विद्यार्थी नेमकी तीच ओलांडून पुढे जातात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती चाळून पाहा. परकीयाला मराठी शिकता यावी म्हणून नामापुढे लिंग देण्याची काळजी तिथेही घेतलेली आढळेल.

जर्मन-जर्मन कोशाविषयी माझे मत तुमच्या शिक्षिकांहून थोडे वेगळे आहे. ए-टूच्या विद्यार्थ्याला व्याख्येतच आणखी चार अनोळखी शब्द भेटतात आणि एका शब्दाच्या शोधात सगळी संध्याकाळ जाते. बी-वन ही पुढची पातळी पूर्ण झाल्यावर तो कोश जरूर घ्यावा, पण तोवर द्वैभाषिक कोश वापरण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

उत्तर – सदाशिव पेठेतील अनुवादक

वरील उत्तरात मराठी भाषकाला विशेष जपावी लागणारी एक बाब जोडतो. जर्मन-इंग्रजी कोशात क्रियापदापुढे ‘येमांडन’ किंवा ‘येमांडम’ (दोन्हींचा अर्थ ‘कोणाला तरी’) या शब्दांचे संक्षेप असतात. पहिला द्वितीयेची खूण आहे आणि दुसरा चतुर्थीची. मराठीत ‘मी त्याला पाहिले’ आणि ‘मी त्याला मदत केली’ या दोन्ही वाक्यांत ‘ला’ हाच प्रत्यय येत असल्याने आपल्या कानाला हा फरक जाणवत नाही, आणि इंग्रजी तर इथे काहीच मदत करत नाही. जर्मनमध्ये ‘झेएन’ म्हणजे पाहणे द्वितीया मागते आणि ‘हेल्फन’ म्हणजे मदत करणे चतुर्थी मागते. ही माहिती अंदाजाने मिळत नाही. ती नोंदीतूनच उचलावी लागते, आणि क्रियापद वहीत उतरवताना त्या संक्षेपासह उतरवावे.

उलट काही ठिकाणी मराठी तुम्हाला इंग्रजीपेक्षा लवकर पोहोचवते, म्हणून इंग्रजी अर्थ वाचून थांबू नये. ‘विसन’ आणि ‘केनन’ या दोन्ही क्रियापदांसमोर इंग्रजीत ‘नो’ हाच शब्द दिलेला आढळेल आणि विद्यार्थी गोंधळेल. मराठीत मात्र एक ‘माहीत असणे’ आहे आणि दुसरे ‘ओळखणे’ किंवा ‘परिचय असणे’ आहे. ‘डू’ आणि ‘झी’ यांचेही तेच. आपल्याकडे तू आणि तुम्ही आधीपासून आहेतच, मग ते इंग्रजीच्या ‘यू’मधून गाळून घ्यायचे कशाला? समासात अर्थ लिहिताना तो मराठीत लिहावा, असा माझा आग्रह राहील.

स्वतः जर्मन लिहायचे असेल तेव्हा जोडकोशाचा दुसरा अर्धा भाग उघडावा लागतो आणि खरी फसगत तिथे होते. इंग्रजी ‘की’ या शब्दापुढे ‘श्ल्युसल’ आणि ‘टास्टं’ असे दोन्ही शब्द सापडतील. त्यातला पहिला उचलून कीबोर्डवरची कळ दाबण्याविषयी लिहिले तर जर्मन वाचकाला कुलुपाची किल्ली दिसेल. म्हणून निवडलेला शब्द पुन्हा जर्मन बाजूने उघडून पाहावा आणि तिथली उदाहरणे आपल्या वाक्याशी जुळतात का ते तपासावे. हा उलटा फेरा कंटाळवाणा वाटतो, परंतु मी तो टाळत नाही. ॲप वेगासाठी आणि उच्चार ऐकण्यासाठी उत्तम आहे, पण ते बहुधा एकच अर्थ पुढे करते. तो का निवडला हे सांगत नाही.

उत्तर – जपानीची विद्यार्थिनी, औंध

विषय जर्मनचा आहे, तरी मूळ मुद्दा जपानीलाही लागू पडतो म्हणून थोडक्यात लिहिते. ‘आकु’ आणि ‘आकेरु’ या दोन्ही क्रियापदांचा मराठी अर्थ ‘उघडणे’च होतो, कारण आपण ‘दार उघडते’ असेही म्हणतो आणि ‘मी दार उघडते’ असेही म्हणतो. जपानीत पहिले अकर्मक आणि दुसरे सकर्मक आहे. कोश त्यांच्यापुढे तशी खूण देतो आणि ती खूण पाहिली नाही तर वाक्य चुकणे अटळ आहे.

कोथरूडची विद्यार्थिनी

सर्वांचे मनापासून आभार. क्रियापदाच्या नोंदी आता संक्षेपांसह वहीत उतरवीन. एक शंका राहिली: एका परिच्छेदात दहा-बारा अनोळखी शब्द असतील तर सगळेच पाहावेत का? आणि काही रूपे कोशात सापडतच नाहीत, त्यांचे काय करावे?

उत्तर – जुना जर्मन शिक्षक

सगळे पाहू नयेत. परिच्छेद आधी कोश मिटून शेवटपर्यंत वाचावा आणि अनोळखी शब्दांखाली केवळ रेघ ओढावी. दुसऱ्या वाचनात त्यांतले काही संदर्भानेच उलगडतात. जो शब्द पुन्हा पुन्हा येतो किंवा ज्याच्याविना वाक्याचा अर्थ उलटू शकतो तो कोशात पाहावा, आणि वर्णनातले एखादे सुटे विशेषण खुशाल सोडून द्यावे. ही सवय परीक्षेसाठीही लागते, कारण जर्मन भाषेच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथं संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षांमध्ये कोश जवळ ठेवता येत नाही.

न सापडणारी रूपे बहुधा भूतकाळाची असतात. ‘गिंग’ किंवा ‘गेगांगन’ची माहिती ‘गेएन’खाली मिळते आणि अनियमित क्रियापदांची यादी बहुतेक कोशांच्या शेवटी असते. ती पाने आधी शोधून तिथे खूणपट्टी लावून ठेवा. लांबलचक सामासिक शब्द सापडला नाही तर तो मागून तोडत यावे. ‘क्रांकनफरझिशरुंग्सकार्टं’मध्ये शेवटचे ‘कार्टं’ म्हणजे कार्ड, त्याआधीचे ‘फरझिशरुंग’ म्हणजे विमा आणि पहिले ‘क्रांकन’ आजारपणाचे, असे सुटे केले की आरोग्यविम्याचे कार्ड हाती येते. मधला ‘स’ केवळ सांधा आहे, तो कोशात शोधू नये. अशा शब्दाचे लिंग नेहमी शेवटच्या घटकाचे असते, त्यामुळे ‘कार्टं’ची नोंद नीट वाचली की पुरते.

छापील कोशात आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: दोन टिंबांचा ‘आ’ बहुधा साध्या ‘आ’च्याच क्रमात लावलेला असतो. तो वर्णमालेच्या शेवटी शोधत बसू नका.