दुबईचा ईपर्ब: फ्रिक्वेन्सीपेक्षा कोड बघा
ईपर्ब म्हणजे बोट संकटात सापडली की उपग्रहामार्फत मदतीचा संकेत पाठवणारं यंत्र. ‘दुबईहून स्वस्तात आणलेला ईपर्ब चालतो, 406 मेगाहर्ट्झ आहे ना’ हे अर्धंच खरं. 121.5 मेगाहर्ट्झवाल्या जुन्या डब्यांचे संकेत उपग्रह 1 फेब्रुवारी 2009 पासून ऐकतच नाहीत, तेव्हा 406 हवाच. पण आत देशाचा कोडही भरलेला असतो: भारताचा 419, अमिरातीचा 470. कोड 470 राहिला तर मालकाची चौकशी तिकडे जाते आणि इथल्या शोधात वेळ जातो. बेळगावातून कारवार-मालवणला बोट नेणाऱ्यांनी बिल देण्याआधीच विक्रेत्याकडून 419 भरून घ्यावा, मग लेबलवरचा 15 अक्षरी हेक्स आयडी (यंत्राचा ओळख क्रमांक) बंगळुरूच्या इस्ट्रॅकमधल्या (इस्रोची उपग्रहांवर लक्ष ठेवणारी संस्था) संकट-संकेत केंद्रात नोंदवावा. बोट विकली, फोन बदलला की नोंदही बदला. हे हटकून राहतं. बोट बुडताना आपोआप सुटणारा ईपर्ब घेतलात तर हायड्रोस्टॅटिक रिलीजची (पाण्याच्या दाबाने ईपर्ब मोकळा करणाऱ्या भागाची) तारीख वेगळी बघा, तो साधारण दोन वर्षांनी बदलावा लागतो.