दुसरा स्वल्पविराम: गरज की मास्तरकी?

शिकवणीवाली: दहावीला इंग्रजी शिकवते. 'मुंबई, द कॅपिटल ऑफ महाराष्ट्र इज क्राउडेड.' पहिला स्वल्पविराम पोरं देतात, 'महाराष्ट्र'नंतरचा हमखास गळतो. मी अर्धा गुण कापते, मग पालक भांडायला येतात. माझं म्हणणं, नामाची ओळख सांगणारा तुकडा, म्हणजे अपोझिटिव्ह, वाक्यात मध्येच घातला की कुंपण दोन्ही बाजूंनी हवं.

फुकटचा_सल्ला: अर्थ कळला ना? मग गुण कशाला कापता? आणि 'माय ब्रदर रमेश'चं काय? नियम म्हणतो, भाऊ एकच असेल तर रमेशभोवती स्वल्पविराम, जास्त असतील तर नको. म्हणजे परीक्षकाने आधी माझं रेशनकार्ड तपासायचं!

शिकवणीवाली: घरच्या माणसांच्या नावात ढिलाई चालते, मान्य. पण 'द पोएट केशवसुत' बघा. कवी ढीगभर, कोणता ते नावानेच कळतं, म्हणून स्वल्पविराम नको. 'केशवसुत, द पोएट ऑफ तुतारी, ...' म्हटलं की माणूस आधीच ठरलेला, पुढचं सगळं जादा माहिती.

भाषांतरवाला: दोष पोरांचा नाही हो. मराठीत हा तुकडा नावाआधी बसतो: 'महाराष्ट्राची राजधानी मुंबई'. विरामचिन्ह लागतच नाही. आणि तुकडा लांबला तर आपल्याकडे 'यांनी' आहे: 'महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी...' या 'यांनी'मुळे कळतं की ओळखपरेड संपली, आता क्रियापदाकडे चला. इंग्रजीत तेच काम दुसरा स्वल्पविराम करतो. मी भाचीला तिथे मनात 'यांनी' म्हणायला लावलं: 'यशवंतराव चव्हाण, द फर्स्ट चीफ मिनिस्टर ऑफ महाराष्ट्र', यांनी, मग स्वल्पविराम, मग पुढे. तेव्हापासून विसरत नाही.

फुकटचा_सल्ला: युक्ती झकास. पण स्वल्पविरामच घोळ घालतो तेव्हा? 'आय थँक माय टीचर्स, आई अँड बाबा.' शिक्षक वेगळे, की आईबाबाच शिक्षक?

शिकवणीवाली: वाक्य फिरवा: 'आय थँक आई, बाबा अँड माय टीचर्स.' घोळ मिटला. पण मुंबईच्या वाक्यात असा काही पेच नाही, तिथे नुसता आळस आहे. अर्धा गुण जाणार.

फुकटचा_सल्ला: पाव करा. पोरगा माझाच आहे.