कान ठणकत असताना वाढलेला रक्तदाब : आपले अनुभव लिहा

पावसाळ्यात सर्दीपाठोपाठ कान ठणकू लागतो, दवाखान्यात रक्तदाबही चढलेला निघतो आणि मग घरात कानापेक्षा त्या आकड्याचीच धास्ती घेतली जाते, असे पुण्यातल्या बऱ्याच परिचितांकडून ऐकते आहे. दुखणे गेल्यावर रक्तदाबाचे पुढे काय झाले, हे कृपया सविस्तर लिहावे.

कोथरूडहून : डॉक्टरांनी कानात दुर्बीण घालून कानाचा पडदा स्क्रीनवरच दाखवला, तो लालभडक होऊन बाहेर फुगला होता. अंगात ताप, रात्रभर जागरण आणि रक्तदाब १६८/९८. वेदना आणि तापाने ॲड्रेनलिन वाढते, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून आजच्या आकड्यावरून कायमची गोळी सुरू करायची नाही, असे त्यांनी शांतपणे समजावले. कान बरा झाल्यावर घरी सकाळ-संध्याकाळ मोजला, तेव्हा तो १२५/८० च्या आसपास स्थिरावला होता.

सहकारनगरहून : माझे वडील रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात. दुकानातून आणलेल्या सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन होते, जे रक्तवाहिन्या आकसवूनच नाक मोकळे करते. जोडीला आयबुप्रोफेन हे वेदनाशामक होते. त्याने शरीरात मीठ-पाणी साठते आणि रक्तदाबाच्या गोळीचा गुणही कमी होतो. विकणाऱ्याने रक्तदाबाविषयी साधी विचारणाही केली नाही, याचा मला आजही राग येतो. डॉक्टरांनी ही दोन्ही औषधे थांबवून साधी पॅरासिटामॉल दिली. तीही पाण्यात विरघळणारी नको म्हणाले, कारण तिच्यात सोडियम बरेच असते. रोजची गोळी मात्र चालूच ठेवायला सांगितली.

हडपसरहून : माझ्या बाबतीत उलटे घडले, म्हणून मुद्दाम लिहितो. कान पूर्ण बरा झाला, तरी घरचा आकडा १५० च्या खाली येईना. दंडाला चोवीस तास यंत्र बांधून पाहिले, तर झोपेतही रक्तदाब उतरत नव्हता. आता अ‍ॅम्लोडिपिन ही रक्तदाबाची गोळी चालू आहे. ‘आजारपणामुळे वाढला असेल’ एवढ्यावर विषय सोडून देऊ नये, ही कळकळीची विनंती.

धागाकर्ती : मोजण्याविषयी विचारणा झाली आहे. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून पाच मिनिटे गप्प बसावे आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा. आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप, अंधारी किंवा बोलण्यात अडखळणे असेल, तर थेट रुग्णालय गाठावे.

वानवडीहून : आईला मधुमेह आहे. थेंब घालूनही तिचा कान रात्री ठणकतच राहिला, तेव्हा बाहेरच्या कानातला संसर्ग हाडापर्यंत गेला असू शकतो म्हणून तज्ज्ञांनी तातडीने स्कॅन करवले. सुदैवाने हाड सुरक्षित होते, आणि दुखणे थांबल्यावर तिचा रक्तदाबही नेहमीच्या पातळीवर आला. शेजारच्या काकूंनी आपुलकीने आणून दिलेले लसणीचे कोमट तेल मात्र आम्ही कानात घातले नाही, कारण पडद्याला छिद्र असेल तर ते सरळ आत उतरते.