डिस्लेक्सियाला घरी मराठीत काय म्हणता?

सईची_आई:
मुलगी चौथीत, मराठी मीडियम. मॅडमनी बोलावून सांगितलं की डिस्लेक्सिया वाटतोय, टेस्ट करून घ्या, तोवर मी तिला उपचारात्मक वर्गाला बसवते. घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाईंचा पहिला प्रश्न, गोळ्या किती दिवस? शोधल्यावर वाचनदोष, शब्दांधत्व, अध्ययन अक्षमता असं काय काय सापडलं. यातलं तुम्ही काय वापरता?

खडूफळा:
उपचारात्मक म्हणजे आपलं रेमेडियल हो, सरकारी मराठी आहे ते, औषधाचा काही संबंध नाही.
शब्दांधत्व तर सोडूनच द्या. डिस्लेक्सिया हे नाव काढणारा रुडॉल्फ बर्लिन जर्मनीतला डोळ्यांचा डॉक्टर, आणि १८९६ मध्ये इंग्लंडच्या प्रिंगल मॉर्गननी एका १४ वर्षांच्या हुशार मुलाबद्दल लिहिलं तेही जन्मजात शब्दांधळेपणा म्हणूनच. तेव्हापासून लोक आधी चष्मा बदलतात. डोळे तपासा, कानही तपासा, पण खरी अडचण आवाज आणि अक्षर यांची गाठ चटकन बसत नाही ही असते. त्यात आपली लिपी, 'कि' मधली वेलांटी दिसते आधी आणि बोलायची नंतर, र ची तर कर्म, क्रम, ट्रक, सुऱ्या अशी चार शब्दांत चार रूपं, वर घ-ध आणि भ-म आहेतच. पहिली-दुसरीत सगळीच पोरं इथे अडखळतात, पण हे मूल चौथीतही तिथेच असतं, काल वाचलेला शब्द आज नवा, आणि तोंडी विचारा तर धडाधड उत्तरं. मॅडमना हेच दिसलं असणार.

बोलघेवडा:
वाचनदोष पण नको. दोष म्हटलं की कुणाचा हे आलंच, मग आईच्या माहेरापर्यंत जातं प्रकरण.
थोडं अवांतर, 'ढ' बद्दल असं सांगतात की ब्राह्मी या जुन्या लिपीपासून आजवर बाकीची अक्षरं बदलत गेली, ढ होता तसाच राहिला, म्हणून वर्षानुवर्षं एकाच इयत्तेत बसणारा तो ढ. व्युत्पत्ती खरी असो नसो, ब्राह्मीतला ढ खरंच आजच्यासारखाच दिसतो. अक्षरांनी छळलेल्या पोराला शिवी दिली तीपण अक्षराचीच 🙄

सईची_आई:
हे भारीये. पण सासूबाईंना काय सांगू??

रेमेडियलवाली_मावशी:
अगं, मी पालकांना 'तिला वाचायला जड जातं' एवढंच म्हणायला सांगते. नाव कशाला हवंय, क्रियापदावर भागतं. मुलीला मात्र डिस्लेक्सिया हाच शब्द सांग, डायबेटिस नाही का म्हणत आपण, तसंच. गतिमंद चुकूनही नको, ते पूर्ण वेगळं, डिस्लेक्सिया ठरवताना बुद्ध्यांक ठीक आहे ना हे आधी बघतात.
कागदावर 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असंच लागतं. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत ते आहे, आणि इथेच गाडी अडते, दिव्यांग शब्द बघून आईबाप सर्टिफिकेटच काढत नाहीत आणि मग दहावीच्या तोंडावर सरकारी हॉस्पिटलच्या एलडी (लर्निंग डिसॅबिलिटी) क्लिनिकला (मुंबईत सायन, नायर) धावाधाव. शाळेतल्या मॅडमची शंका म्हणजे सर्टिफिकेट नव्हे बरं का. आपल्या बोर्डाच्या सवलती १९९६ पासून आहेत, जादा वेळ, लेखनिक, स्पेलिंग-शुद्धलेखनाचे मार्क न कापणं. शब्द आवडत नसेल तर फाइलमध्ये ठेव, पण काढून ठेव.

बोलघेवडा:
लेखनिक फक्त हॉल तिकिटावर, पोरं रायटरच म्हणतात.

सईची_आई:
सांगितलं सासूबाईंना 'वाचायला जड जातं'. म्हणाल्या मग मी वाचून दाखवते. चालेल का?

रेमेडियलवाली_मावशी:
चालेल काय, पळेल. अक्षराखाली बोट फिरवत, हळू. परिसर अभ्यास भाग दोन घ्या आधी, शिवाजी महाराज आहेत, तिला गोष्ट म्हणून ऐकायला आवडेल आणि तोंडी परीक्षेत बोलता येईल. आणि मॅडमना सांग, वर्गात उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका, निदान न सांगता तरी नकोच, आदल्या दिवशी परिच्छेद घरी पाठवा म्हणावं.