वडील 58 ला निवृत्त होतायत, हातात 28 लाख : मांडणी कशी करावी?

सांगलीवाडी_77
वडील कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीतून ऑगस्टअखेर निवृत्त होतील. 2000 सालची भरती, 26 वर्षं नोकरी. बेसिक अधिक डीए 28,000. पीएफ साधारण 24 लाख. आई 54 वर्षांची, घर स्वतःचं, महिन्याचा खर्च 22,000, एकरभर ऊस आहे. ईपीएस पेन्शन (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) 28 × 15,000 ÷ 70 म्हणजे 6,000 बसेल असा हिशेब धरलाय (28 म्हणजे सेवेची 26 आणि बोनसची दोन वर्षं). गल्लीतली पतसंस्था साडेदहा टक्के देते, सगळे तिथेच ठेवायचा वडिलांचा विचार आहे. काय चुकतंय?

हिशेबाची_वही
पेन्शन चुकतंय. सप्टेंबर 2014 च्या आधीच्या सेवेला 15,000 नाही, 6,500 ची पगारमर्यादा लागते. 14 वर्षं × 6,500 ÷ 70 = 1,300 आणि नंतरची 12 वर्षं × 15,000 ÷ 70 = 2,571. बोनसची दोन वर्षं मिळवून चार हजारांच्या थोडं वर धरा. ग्रॅच्युइटी 28,000 × 15 ÷ 26 × 26 = 4,20,000, पीएफच्या 24 लाखांत मिळवली की 28 लाखांचा तुमचा आकडा बरोबर आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 20 लाख टाका. 8.2 टक्क्यांनी तिमाहीला 41,000, महिन्याला 13,667. पेन्शन धरून अठरा हजारांच्या आसपास. वर्षाला 50,000 कमी पडतात, ते उसाच्या बिलातून काढा. पण ऊसबिल महिन्याच्या खर्चात धरू नका. तोड लांबली की बिल लांबतं आणि किराणा दुकानदार काही गाळप हंगामासाठी थांबत नाही.

कृष्णाकाठ
पतसंस्थेचं स्पष्ट बोलू. नागरी सहकारी बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून एका ठेवीदाराला 5 लाखांपर्यंत ठेव विमा असतो, सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेला तो विमा नाही. बोर्डावर 'सहकारी' लिहिलंय म्हणून दोन्ही एकच नव्हेत. संचालक ओळखीचे असणं हे तारण नाही, राव. अगदीच मन मोडवत नसेल तर लाखभर ठेवा, बुडाले तरी चूल पेटेल इतकेच.

टपालखाते
ज्येष्ठ नागरिक योजना 60 नंतरची, पण 55 ते 60 मध्ये निवृत्त झालेल्यांनाही खातं उघडता येतं. अट अशी की निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांत उघडायचं आणि मिळालेल्या रकमेपेक्षा जास्त भरायचं नाही. कंपनीचं प्रमाणपत्र लागतं : नियत वयोमानाने निवृत्त, सेवेचा कालावधी, मिळालेली रक्कम. ते ऑगस्टमध्येच मागा, नंतर एचआरच्या मागे फिरायला लागतं.

दुसरं, 20 लाखांचं एकच खातं काढू नका. त्यातून थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचं तर अख्खं खातं. एका वर्षाच्या आत मोडलं तर दिलेलं व्याज परत घेतात, दोन वर्षांच्या आत दीड टक्का आणि नंतर एक टक्का मुद्दलातून कापतात. म्हणून पाच-पाच लाखांची चार खाती. गरज पडली तर एकच मोडेल.

सांगलीवाडी_77
आईच्या नावावर काही ठेवता येईल का? आणि पीएफ अडकतो असं ऐकतोय.

टपालखाते
आईंना 54 व्या वर्षी स्वतंत्र खातं मिळणार नाही, पण वडिलांच्या चारही खात्यांत जोडीदार म्हणून नाव घाला. पुढे काही झालं तर त्या वेळी त्या स्वतः योजनेच्या अटींत (वयासह) बसत असतील तरच तेच खातं मुदतीपर्यंत चालवू शकतात. वारस नोंदही करा. ईपीएसमध्ये पत्नीला नंतर निम्मं पेन्शन मिळतं, ते मात्र खर्चाच्या मानाने फारच थोडं.

हिशेबाची_वही
पीएफ अडकतो तो बहुतेक तीन ठिकाणी : आधार, पॅन आणि पासबुकावर नाव वेगळं, कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख न भरणं, जुन्या नोकरीचा पीएफ नव्या खात्यात न आणणं. नाव आजच तपासा. पीएफसाठी फॉर्म 19, पेन्शनसाठी 10डी. घाईने काढायची सक्ती नाही, पण निवृत्तीनंतरच्या व्याजावर कर लागतो.

मिरजवाला
उरलेल्या 8 लाखांतले 2 लाख बचत खात्यात आणि लहान मुदत ठेवीत ठेवा. पहिलं तिमाही व्याज येईपर्यंत घर त्यावरच चालणार. बाकीचे 6 लाख सात-आठ वर्षं हात लावायचा नाही असे समजून हायब्रिड (शेअर आणि कर्जरोखे दोन्ही असलेल्या) किंवा इंडेक्स (शेअर निर्देशांकामागे चालणाऱ्या) म्युच्युअल फंडात टप्प्याटप्प्याने घाला. कारण 41,000 ची तिमाही पाच वर्षं तेवढीच राहते आणि महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत 22,000 चा खर्च 44,000 होतो. आमच्यातल्या काहींना फंड नको वाटतो, मग ते 6 लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत जातात आणि हाच प्रश्न बारा वर्षांनी परत येतो.

कंपनीचा आरोग्य विमा निवृत्तीच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीत बदलून मागा, म्हणजे जुन्या आजारांना विमा लागू व्हायच्या आधी थांबायचा जो काळ असतो, त्यात आधीची वर्षं धरली जातात. नवी काढली तर ती प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. अर्ज ऑगस्ट संपायच्या आधी जायला हवा. हप्त्याची तारीख ऊसबिलानंतरची निवडता आली तर बघा.