मदत हवी आहे : सोळा वर्षांच्या मुलीचा विषय ग्रामसभेत कसा न्यायचा?

नमस्कार मंडळी. माझी भाची अकरावीत आहे, गाव बीड जिल्ह्यात. ऊसतोडीला आई-बाप गेले की मागे राहिलेल्या लहान मुलांचा अभ्यास ती आणि तिच्या मैत्रिणी संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर घेतात. मागच्या हंगामात तिच्या वर्गातल्या एका मुलीचं लग्न ठरल्याचं कळलं, तेव्हा हिनेच १०९८ वर (मुलांसाठीची मदतवाहिनी) फोन केला. घरात आधी बोलणी बसली, ते सोडा.

आता तिला दोन गोष्टी गावाच्या विकास आराखड्यात हव्यात: हंगामी वसतिगृह (ऊसतोडीच्या काळात मागे राहिलेल्या मुलांसाठीचं) वेळेवर सुरू होणं आणि कॉलेजच्या वेळेला एसटी. मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे, पण गाडीच आली नाही तर पास काय कामाचा?

अडचण अशी की ग्रामसभेत मत मतदारांनाच, म्हणजे १८ पूर्ण झालेल्यांना. ग्रामसेवक म्हणतात, "पोरींनी यात पडू नये." गंमत म्हणजे गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच!

कोणाच्या गावात बालसभा, म्हणजे मुलांची वेगळी सभा, खरोखर भरते का? तिथला ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात कसा घ्यायला लावला? अर्ज आईच्या नावाने द्यावा की आधी महिला ग्रामसभेत विषय मांडावा? मला दुसरा मार्ग बरा वाटतो, पण अनुभव नाही. एसटीसाठी आगारप्रमुखांना द्यायच्या अर्जाचा नमुना असेल तर तोही टाका. आणि फोन तिने केला हे गावात फुटलंय, तिला त्रास होऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी?